दाखला नसलेली मुलं

जन्मदाखल्याचं मोल गोमंतकीयाला सांगावं लागत नाही. 19 डिसेंबर 1961 पूर्वीची आजोबांची जन्मनोंद सापडली की पोर्तुगीज नागरिकत्वाचा, म्हणजे लिस्बनपर्यंतचा रस्ता खुला होतो, हे आपल्याकडे घरोघरी ठाऊक आहे. त्याच रस्त्याने किती तरी गोंयकार कुटुंबं पुढे इंग्लंडातल्या स्विंडनला जाऊन स्थिरावली. युरोपात एकट्याने पोचणाऱ्या निर्वासित मुलांचं दुखणं इथूनच सुरू होतं. त्यांतल्या अनेकांकडे दाखलाच नसतो.

मुलांनी आईवडिलांविना परमुलखात जाणं नवं नाही. 1938-39 मध्ये नाझी राजवटीतून सुमारे 10 हजार मुलं ब्रिटनला आली. गळ्यात नंबराची चिठ्ठी, हातात छोटी बॅग. जामनगरजवळ बालाचडीला जामसाहेब दिग्विजयसिंहजींनी 1942 पासून पोलिश मुलांना सांभाळलं, त्यांत कित्येक अनाथ होती. कोल्हापूरजवळच्या वळिवडे गावी सुमारे 5 हजार पोलिश निर्वासित 1948 पर्यंत राहिले. ही मुलं कमी दुःखी नव्हती. पण त्यांना घोळक्याने आसरा मिळाला. प्रत्येकाला समोर बसवून ‘तू खरं बोलतोस कशावरून?’ असं विचारलं गेलं नाही.

तो प्रश्न 1951 च्या निर्वासित करारानंतर रुळला. छळाची भीती ज्याची त्याने पटवून द्यायची. करार लिहिताना डोळ्यांसमोर मोठी माणसं होती. मुलांचा वेगळा विचार 1989 च्या बालहक्क करारात, कलम 22 मध्ये आला.

2015 मध्ये सुमारे 95 हजार एकट्या मुलांनी युरोपीय संघातल्या देशांत आश्रय मागितला; निम्म्याहून अधिक अफगाण. एकट्या स्वीडनमध्ये 35 हजार. निकाल महिनोन् महिने लांबले. वयाची शंका आली की काही देशांत मनगटाचा एक्स-रे काढतात, अक्कलदाढ तपासतात. हाडावरून वय नेमकं कळत नाही, एक-दोन वर्षांचा फरक सहज पडतो. आणि त्या फरकावरच सगळं अवलंबून: अठरा पूर्ण झाली की सरकारने नेमलेला पालक, वसतिगृह, सवलती सुटू शकतात. म्हणून ही मुलं वाढदिवसाला घाबरतात. याहून क्रूर काही मला सुचत नाही. 2018 मध्ये युरोपीय संघाच्या न्यायालयाने निदान एक दिलासा दिला: अर्जाच्या दिवशी मूल अठराच्या आत असेल आणि पुढे आश्रय मंजूर झाला, तर दरम्यान ते सज्ञान झालं तरी आईवडिलांना बोलावण्याचा त्याचा हक्क शाबूत राहतो.

वाट पाहण्यात झोप उडते, शाळेत लक्ष लागत नाही. तीच भयंकर हकिकत पुन्हापुन्हा सांगताना तारखा चुकतात. धसकलेल्या मनाचं ते लक्षण, पण फाइलीत विसंगती म्हणून नोंदलं जातं. मोठ्या छावणीपेक्षा एखाद्या कुटुंबात राहिलेली मुलं बरी सावरतात, हे अभ्यासांतून पुढे आलं आहे. तरी ब्रिटनने 2021 पासून अशी मुलं हॉटेलांत ठेवली. 2023 च्या जानेवारीत त्यांतली 200 बेपत्ता होती. जुलैत उच्च न्यायालयाने ही नेहमीची पद्धत बेकायदा ठरवली.

भारताने 1951 च्या करारावर सही केलेली नाही. अफगाणिस्तान, म्यानमारहून आलेल्यांचे अर्ज दिल्लीत संयुक्त राष्ट्रांचं निर्वासित कार्यालय पाहतं. बालहक्क करार मात्र आपण 1992 मध्ये स्वीकारला आहे, कलम 22 सकट.