दुर्मीळ कोण आणि धोक्यात कोण? लाल यादीची पार्श्वभूमी

१८५७ मध्ये अमेरिकेतल्या ओहायो राज्याच्या सेनेटपुढे शिकारीच्या पशुपक्ष्यांना संरक्षण देण्याचा प्रस्ताव आला होता. तो तपासणाऱ्या समितीने प्रवासी कबुतराला, म्हणजे पॅसेंजर पिजनला, त्यातून सरळ वगळले. या पक्ष्याची पैदास अफाट आहे, उत्तरेकडची विस्तीर्ण जंगले त्याच्या विणीसाठी मोकळी आहेत, नेहमीच्या शिकारीने त्याची संख्या कमी होण्याचे कारण नाही, असा समितीचा निष्कर्ष होता. तो मूर्खपणाचा नव्हता. त्या काळी या कबुतरांचे थवे डोक्यावरून जायला तासन्‌तास लागत आणि त्यांची संख्या अब्जांत होती. पण पुढच्या पन्नास वर्षांत रेल्वेने दूरदूरचे शिकारी विणीच्या जागी पोहोचू लागले, तारायंत्राच्या संदेशांनी थव्यांचा ठावठिकाणा गावोगाव कळू लागला आणि जंगले तुटत गेली. १ सप्टेंबर १९१४ रोजी मार्था नावाची शेवटची मादी प्राणिसंग्रहालयातल्या पिंजऱ्यात मेली. ते संग्रहालय सिनसिनाटीचे, म्हणजे त्याच ओहायो राज्यातले.

समितीने मोजली ती संख्या. वेग मोजण्याचे तिच्या मनातही आले नाही. आज धोक्यातल्या प्रजातींच्या जागतिक ‘लाल यादी’त एखाद्या प्रजातीच्या नावापुढे ‘अतिसंकटग्रस्त’ किंवा ‘असुरक्षित’ असा शिक्का आपण वाचतो, त्यामागे हा फरक आहे. तो ध्यानात यायला माणसाला बराच काळ लागला, आणि त्या काळात बऱ्याच प्रजाती गेल्या.

सुरुवातीच्या कायद्यांना नामशेष होण्याची चिंता फारशी नव्हतीच. १९०० मध्ये वसाहतवादी सत्तांनी लंडनमध्ये आफ्रिकेतल्या वन्यप्राण्यांसाठी करार केला. त्यामागे शिकारीचे प्राणी शिकारीसाठी टिकावेत हा हिशेब मोठा होता. त्या करारात ‘उपद्रवी’ प्राण्यांची यादीही होती आणि ते मारण्याला उत्तेजन होते. १९११ मध्ये उत्तर प्रशांत महासागरातल्या फर सीलबद्दल चार देशांनी केलेला करार मात्र खरोखर उपयोगी पडला. खुल्या समुद्रातली शिकार थांबली आणि सील पुन्हा वाढले. पण तिथेही प्रश्न कातडीच्या व्यापाराचा होता.

‘अजून थोडे आहेत, बघू’ ही वृत्ती किती महाग पडते हे ऑस्ट्रेलियाच्या टास्मानिया बेटाने दाखवले. थायलासिन हा अंगावर पट्टे असलेला, पिल्लांना पोटाच्या पिशवीत वाढवणारा मांसभक्षी प्राणी. मेंढपाळांचा शत्रू ठरवून १८८८ ते १९०९ या काळात तिथल्या सरकारने त्याला मारण्यासाठी बक्षिसे दिली, एकूण दोन हजारांहून जास्त. या प्राण्याला कायद्याचे पूर्ण संरक्षण मिळाले १० जुलै १९३६ रोजी. बंदिवासातला शेवटचा थायलासिन होबार्टच्या प्राणिसंग्रहालयात मेला त्याच वर्षी ७ सप्टेंबरला. मधले अंतर एकोणसाठ दिवसांचे. ही तारीख मी जेव्हा जेव्हा वाचतो तेव्हा गलबलून येते, कारण त्या आधीची वीस वर्षे हा प्राणी कमी होत चालल्याचे सांगणारी माणसे होती. त्यांच्या सांगण्याला वजन देईल असे मोजमाप मात्र नव्हते.

दुसऱ्या महायुद्धानंतर चित्र बदलू लागले. ५ ऑक्टोबर १९४८ रोजी फ्रान्समधल्या फाँतेनब्लो इथे निसर्गरक्षणासाठी एक आंतरराष्ट्रीय संघ स्थापन झाला, तोच आजचा आययूसीएन. युनेस्कोचे पहिले महासंचालक ज्युलियन हक्स्ली यांचा त्यात पुढाकार होता. पुढच्याच वर्षी न्यूयॉर्कजवळच्या लेक सक्सेस इथल्या परिषदेत तातडीने लक्ष द्यावे अशा प्रजातींची यादी झाली. तिच्यात १४ सस्तन प्राणी होते आणि १३ पक्षी. सगळ्या पृथ्वीची चिंता एका कागदावर मावत होती.

ही यादी आणि नंतर कार्डांवर ठेवलेल्या प्रजातींच्या नोंदी यांतून १९६४ मध्ये लाल यादीची कल्पना आकाराला आली. तिच्यामागे पीटर स्कॉट होते. हे चित्रकार आणि पक्षिनिरीक्षक, आणि प्रजाती वाचवण्याचे काम पाहणाऱ्या आययूसीएनच्या आयोगाचे अध्यक्ष. १९६६ मध्ये ‘रेड डेटा बुक’चे पहिले खंड निघाले, एक सस्तन प्राण्यांचा आणि एक पक्ष्यांचा. पाने सुटी, बाइंडरमध्ये अडकवायची, म्हणजे माहिती बदलली की तेवढे पान काढून नवे घालता यावे. सर्वांत गंभीर प्रजातींची पाने गुलाबी, आणि ज्या सावरल्या त्यांची हिरवी. मला ही रचना फार आवडते. प्रजातीची अवस्था बदलते आणि ती चांगल्या दिशेनेही बदलू शकते, हे त्या सुट्या पानांनी पहिल्या दिवसापासून गृहीत धरले होते.

या पुस्तकांनी सरकारांना हाताशी काहीतरी दिले. १९६९ मध्ये आययूसीएनची महासभा नवी दिल्लीत भरली, वाघाच्या स्थितीबद्दल तिथे चिंता व्यक्त झाली, आणि त्यानंतरच्या काही वर्षांत भारतात वाघाच्या शिकारीवर बंदी, १९७२ चा वन्यजीव संरक्षण कायदा आणि १ एप्रिल १९७३ रोजी व्याघ्र प्रकल्प आला. अमेरिकेने १९६७ मध्ये ७८ प्रजातींची पहिली सरकारी यादी केली आणि १९७३ मध्ये तिच्यामागे कडक कायदा उभा केला. त्याच वर्षी ३ मार्चला वॉशिंग्टनमध्ये साइट्स करारावर सह्या झाल्या. धोक्यातल्या प्रजातींच्या आंतरराष्ट्रीय व्यापाराचे नियमन करणारा हा करार १ जुलै १९७५ पासून लागू झाला, आणि आज १८० हून अधिक देश त्याला बांधील आहेत.

इथे एक घोटाळा नेहमी होतो, तो सोडवून पुढे जाऊ. आययूसीएनची लाल यादी हा कायदा नाही. ती कुणालाही शिक्षा करू शकत नाही, कुठलीही शिकार थांबवू शकत नाही. व्यापाराला बंधन घालतात ती साइट्सची परिशिष्टे, आणि शिकारीला बंधन घालतात त्या त्या देशाच्या कायद्यातल्या अनुसूची. तिन्हींचे निकष वेगळे, तिन्ही ठरवणारे वेगळे. म्हणून एकच प्राणी लाल यादीत ‘असुरक्षित’, साइट्सच्या पहिल्या परिशिष्टात आणि देशाच्या कायद्यात सर्वोच्च संरक्षणाखाली असू शकतो. यात विसंगती नाही. लाल यादी सांगते तो धोका. तो पाहून काय करायचे, हा निर्णय बाकीच्यांचा.

पण तो धोका सांगायचा कसा, हे १९८० च्या दशकापर्यंत धूसरच होते. वर्ग होते ‘संकटग्रस्त’, ‘असुरक्षित’, ‘दुर्मीळ’, ‘अनिश्चित’ असे. कोणती प्रजाती कुठे बसवायची हे त्या विषयातल्या जाणकारांच्या अनुभवावर ठरे. जाणकार प्रामाणिक होते, पण एकाचा ‘असुरक्षित’ दुसऱ्याचा ‘दुर्मीळ’ असे. शिवाय लोकांच्या लाडक्या, मोठ्या, डोळ्यांत भरणाऱ्या प्राण्यांकडे लक्ष जास्त. बेडूक, गोगलगायी, गवते यांना विचारणारे थोडे.

ही घडी बदलली ती जॉर्जिना मेस या ब्रिटिश शास्त्रज्ञेने. १९९१ मध्ये रसेल लँडे यांच्याबरोबर लिहिलेल्या शोधनिबंधात तिने एक साधा प्रश्न मध्यभागी ठेवला: ठरावीक काळात ही प्रजाती नामशेष होण्याची शक्यता किती? त्यातून तयार झालेले निकष १९९४ मध्ये स्वीकारले गेले आणि २००१ मध्ये सुधारून पक्के झाले. आजही तेच चालतात. ‘दुर्मीळ’ हा वर्ग त्यांत उरला नाही. एखादे फूल हजारो वर्षे एकाच डोंगरावर उगवत असेल आणि तो डोंगर शाबूत असेल, तर ते दुर्मीळ आहे, पण तेवढ्यानेच उद्या मरणार असे होत नाही. उलट कोट्यवधींनी असलेला प्राणी दर पिढीला अर्धा होत असेल, तर तो आज सगळीकडे दिसत असूनही धोक्यात आहे.

निकष पाच आहेत आणि त्यांतला एक जरी लागू झाला तरी वर्ग ठरतो. पहिला निकष घटीच्या वेगाचा. दहा वर्षे किंवा तीन पिढ्या, यांतला जो काळ मोठा असेल त्यात संख्या ८० टक्के किंवा जास्त घटली तर अतिसंकटग्रस्त, ५० टक्के घटली तर संकटग्रस्त, ३० टक्के घटली तर असुरक्षित. पिढ्यांचा हिशेब महत्त्वाचा, कारण हत्तीच्या तीन पिढ्या म्हणजे पाऊणशे वर्षे, आणि उंदराच्या बाबतीत दहा वर्षांत कितीतरी पिढ्या होऊन जातात. दुसरा निकष अधिवास किती पसरलेला, किती तुटलेला याचा. तिसरा लहान आणि घटत्या संख्येचा, चौथा नुसत्या अतिलहान संख्येचा: प्रौढ प्राणी ५० पेक्षा कमी राहिले तर प्रजाती थेट अतिसंकटग्रस्त. पाचवा नामशेष होण्याची शक्यता गणिती प्रारूपाने काढण्याचा.

या निकषांची पहिली मोठी परीक्षा १९९६ मध्ये झाली. त्या वर्षीच्या यादीत अटलांटिक कॉड हा मासा ‘असुरक्षित’ ठरला. मासेमारीचे व्यवस्थापन करणारे शास्त्रज्ञ चिडले. समुद्रात लाखो, कोट्यवधी असलेला मासा आणि जेमतेम काही शेकड्यांनी उरलेला प्राणी एकाच पंक्तीत कसे? त्यांच्या म्हणण्यात तथ्य होते. २००१ च्या आवृत्तीत त्याची दखल घेतली गेली: घटीची कारणे माहीत असतील, ती थांबली असतील आणि परिणाम उलटवता येणारे असतील, तर टक्केवारीची मर्यादा वर जाते. पण मूळ तत्त्व सोडले नाही, आणि माझ्या मते ते न सोडणे योग्यच होते. कॅनडाच्या पूर्व किनाऱ्यावर शतकानुशतके चाललेली कॉडची मासेमारी साठा कोसळल्यामुळे १९९२ मध्ये बंद करावी लागली होती. ‘अजून पुष्कळ आहेत’ हा भरवसा तिथे नुकताच बुडाला होता.

या तत्त्वाची खरी किंमत कळली ती दक्षिण आशियातल्या गिधाडांमुळे. पांढऱ्या पुठ्ठ्याचे गिधाड १९८० च्या दशकात जगातल्या सर्वाधिक संख्येच्या मोठ्या शिकारी पक्ष्यांत गणले जाई. कुठे मेलेले जनावर पडले की आकाशातून डझनांनी उतरणारा हा पक्षी, त्याची काळजी कोण करणार? पण राजस्थानातल्या केवलादेव राष्ट्रीय उद्यानात पक्षिशास्त्रज्ञ विभू प्रकाश यांना घरटी रिकामी होताना, पक्षी माना टाकून बसलेले आणि मरून पडताना दिसू लागले. त्यांच्या नोंदी आणि पाठोपाठच्या देशव्यापी पाहण्या यांतून नव्वद टक्क्यांहून मोठी घट समोर आली, आणि २००० मध्ये हे गिधाड थेट अतिसंकटग्रस्त ठरले. तेव्हा ते हजारोंनी शिल्लक होते. जुन्या, नुसत्या दुर्मीळपणावर चालणाऱ्या हिशेबात त्याला यादीत येण्यासाठी आणखी काही वर्षे मरावे लागले असते.

कारण तोवर माहीत नव्हते. २००४ मध्ये लिंडसे ओक्स आणि सहकाऱ्यांनी पाकिस्तानातल्या मृत गिधाडांवरून ते शोधले: गुरांना दिले जाणारे डायक्लोफिनॅक हे वेदनाशामक. औषध दिलेले जनावर मेले की ते खाणाऱ्या गिधाडांची मूत्रपिंडे निकामी होत. २००६ मध्ये भारत, पाकिस्तान आणि नेपाळने पशुवैद्यकीय डायक्लोफिनॅकवर बंदी घातली. तोवर, १९९२ ते २००७ या पंधरा वर्षांत भारतातली या गिधाडांची संख्या ९९.९ टक्के घटली होती. म्हणजे हजारातले एक उरले. इशारा वेळेवर मिळाला आणि बंदी लवकर आली म्हणूनच ते एक तरी उरले, असे मला वाटते. भारतात केटोप्रोफेन आणि अॅसिक्लोफिनॅक या गिधाडांना घातक ठरलेल्या दुसऱ्या दोन औषधांवरची बंदी मात्र २०२३ मध्ये आली.

उलट दिशेच्या प्रवासाचा सर्वांत सुंदर नमुना अरेबियन ऑरिक्सचा. हे पांढरे, सरळ शिंगांचे वाळवंटी हरिण १९७२ मध्ये ओमानमध्ये गोळी लागून रानातून संपले. पण १९६२ पासून काही ऑरिक्स पकडून अमेरिकेतल्या फिनिक्स प्राणिसंग्रहालयात वाढवले जात होते. त्यांची पिलावळ १९८२ मध्ये ओमानच्या वाळवंटात परत सोडली गेली, आणि २०११ मध्ये ही प्रजाती ‘असुरक्षित’ वर्गात आली. ‘रानातून नामशेष’ झालेली प्रजाती इतकी वर येण्याची ही पहिलीच वेळ. ही वाट सरळ नव्हती. ओमानमध्ये पुन्हा चोरटी शिकार झाली, सरकारने अभयारण्याचे क्षेत्र नव्वद टक्के घटवले, आणि २००७ मध्ये युनेस्कोने ते अभयारण्य जागतिक वारशातून काढले. वारशाच्या यादीतून एखादे ठिकाण वगळण्याची तीही पहिलीच वेळ होती. प्रजाती तरली ती शेजारच्या देशांतही कळप सोडले गेले होते म्हणून.

आयबेरियन लिंक्सचे तसेच. २००१ मध्ये स्पेन आणि पोर्तुगालमधल्या या रानमांजराचे फक्त ६२ प्रौढ उरले होते. सशांची संख्या वाढवणे, बंदिवासात पैदास, रस्त्यांखालून वाटा असे सगळे करून २०२२ मध्ये ते ६४८ झाले, आणि २०२४ मध्ये लिंक्स संकटग्रस्तमधून असुरक्षितमध्ये आला.

वर्ग सुधारला की कधी कधी वाद होतो. २०१७ मध्ये हिमबिबट्या संकटग्रस्तमधून असुरक्षितमध्ये आला तेव्हा काही अभ्यासकांनी कडाडून विरोध केला. आकडे अपुरे आहेत आणि सरकारे ढिलाई करतील, ही त्यांची भीती. आकड्यांबद्दलचा आक्षेप यादीच्या नियमांनुसार मांडता येतो आणि मांडायलाच हवा. पण ढिलाईच्या भीतीने एखाद्याला जास्त धोक्याच्या वर्गात अडकवून ठेवले, तर यादीवर विश्वास कोण ठेवील? गुलाबी पान हिरवे होऊ शकते यावरच तर सगळी मांडणी उभी आहे. मात्र नामशेष न होणे आणि पूर्वीसारखे नांदणे यांतले अंतर खरे आहे. ते मोजण्यासाठी आययूसीएनने २०२१ मध्ये ‘ग्रीन स्टेटस’ ही वेगळी मोजपट्टी आणली. प्रजाती आपल्या मूळ प्रदेशात किती परतली, निसर्गातले आपले काम ती करते का, हे तिच्यात पाहिले जाते.

लेक सक्सेसच्या सत्तावीस नावांपासून ही यादी आज १ लाख ७० हजारांहून अधिक प्रजातींपर्यंत आली आहे, आणि त्यांतल्या ४८ हजारांहून अधिक धोक्यात आहेत. उभयचरांपैकी ४१ टक्के, प्रवाळभित्ती बांधणाऱ्या प्रवाळांपैकी ४४ टक्के, झाडांपैकी ३८ टक्के. तरीही ज्ञात प्रजातींचा मोठा भाग अजून तपासलेलाच नाही. तपासलेल्यांतही हजारो ‘अपुरी माहिती’ या वर्गात आहेत. तो वर्ग सुरक्षित म्हणून वाचण्याची चूक सरकारी कागदांतही होते.

ऑक्टोबर २०२५ मध्ये अबू धाबीच्या महासभेत यादीची नवी आवृत्ती आली. हिरवे समुद्री कासव, जे १९८० च्या दशकापासून संकटग्रस्त होते, ते थेट ‘कमी चिंतेच्या’ वर्गात पोहोचले. किनाऱ्यावरच्या अंड्यांची आणि माद्यांची राखण, शिकारबंदी, जाळ्यांतून कासवांना सुटता यावे अशी सोय, हे काम कित्येक किनाऱ्यांवर दशकानुदशके चालले होते. त्याच आवृत्तीत स्लेंडर-बिल्ड कर्ल्यू हा लांब, वाकड्या चोचीचा स्थलांतरी पाणपक्षी नामशेष जाहीर झाला. त्याची शेवटची खात्रीची नोंद मोरोक्कोच्या किनाऱ्यावरची, १९९५ ची. शेवटचा जीव गेल्याबद्दल रास्त शंका उरत नाही तोवर ‘नामशेष’ हा शब्द वापरायचा नाही, असा यादीचा नियम आहे. त्यामुळे तीस वर्षे पक्षिनिरीक्षक त्याच्या जुन्या दलदली पुन्हा पुन्हा धुंडाळत राहिले.