ईईजीच्या आदल्या रात्री डोक्याला तेल लावू नका

“करंट देणार का?” हा प्रश्न आमच्याकडे रोज येतो. नाही. ईईजी या मेंदूच्या तपासणीत मशीनमधून मेंदूत काहीच जात नाही. मेंदूची स्वतःची जी वीज डोक्याच्या कातडीपर्यंत येते, तेवढीच आम्ही टिपून घेतो. ती किती बारीक असते हे कळलं, की आम्ही तेलावरून इतके का अडून बसतो तेही कळेल.

मेंदूतल्या चेतापेशीचा आतला भाग बाहेरच्या मानाने सुमारे 70 मिलिव्होल्ट ऋण असतो. पेशी सोडियम सतत बाहेर टाकत आणि पोटॅशियम आत घेत असते, म्हणून हा फरक टिकतो. निरोप पाठवायचा झाला की तिच्या पडद्यातली दारं उघडतात, सोडियम आत घुसतं, जेमतेम एक मिलिसेकंद आतली बाजू धन होते, मग पोटॅशियम बाहेर पडून सगळं पूर्ववत. ही लाट तंतूवरून पुढे धावते. टोकाला मात्र पुढची पेशी चिकटलेली नसते, मध्ये बारीक फट असते. बहुतेक ठिकाणी ही फट रसायन ओलांडतं: ग्लुटामेट पुढच्या पेशीला चेतवतं, गाबा तिला आवरतं. त्यातून त्या पेशीत लहानसा विद्युत बदल होतो. असे हजारो पेशींतले बदल एकदम झाले, तरच त्यांची बेरीज कवटीबाहेर पोचते.

आणि पोचते ती साधारण 10 ते 100 मायक्रोव्होल्ट. घड्याळातल्या दीड व्होल्टच्या सेलचे तीस हजार भाग केले तर एक भाग 50 मायक्रोव्होल्टचा होतो. हान्स बर्गर यांनी जर्मनीत 1924 साली माणसाचा पहिला ईईजी काढला. तेव्हापासून मशीन कुठल्या कुठे गेली, पण इलेक्ट्रोड, म्हणजे वीज टिपणारी डोक्यावरची छोटी चकती, कातडीला नीट लागला पाहिजे, ही गरज आजही तशीच आहे.

तेल नेमकं तिथेच आडवं येतं. इलेक्ट्रोडखाली लावायची आमची पेस्ट खारट असते, तिच्यातून वीज वाहते. तेलातून वाहत नाही. मग मेंदूच्या लहरींऐवजी स्क्रीनवर पंख्याची नि ट्यूबलाइटची 50 हर्ट्झची जाड पट्टी उमटते. त्याहून वाईट म्हणजे इलेक्ट्रोड सैल सुटला की जी टोकदार उडी येते, ती कधी कधी फिटच्या लहरीसारखी दिसते. चुकीच्या रिपोर्टवर कुणाला वर्षानुवर्षं गोळ्या लागाव्यात, हे आम्हाला चालणार नाही.

मागे एक आई पहाटेच्या एसटीने मुलाला घेऊन आली. इथे त्याला झोप लागावी म्हणून, आम्ही सांगितल्याप्रमाणे तिने त्याला रात्री तीनलाच उठवलं होतं. पण “डोकं शांत राहील” म्हणून झोपताना खोबरेल चांगलं चोळलेलं. शाम्पूने दोनदा धुऊन केस वाळेपर्यंत तास गेला, तोवर मुलाची झोप उडाली. झोपेतलं रेकॉर्डिंग तर हवंच होतं; त्यांना पुन्हा यावं लागलं. माया खरी होती, म्हणून जास्त वाईट वाटलं.

तेव्हा आदल्या दिवशी केस शाम्पूने धुवा आणि कोरडे करा. कंडिशनर, जेल, सिरम नको. वेणी, पिना सोडून या. उपाशी मात्र येऊ नका. साखर उतरली की लहरी बदलतात. फिटच्या गोळ्या डॉक्टरांनी सांगितल्याशिवाय बंद करू नका.

इलेक्ट्रोड लावण्याआधी आम्ही कातडी हलकेच घासतो, त्याने थोडं चुरचुरतं. प्रत्येक इलेक्ट्रोडपाशी विजेला होणारा अडथळा 5 किलोओहमच्या खाली आल्याशिवाय रेकॉर्डिंग सुरू करत नाही. म्हणून आमच्याकडे वेळ जास्त लागतो, दिवसाला पेशंट कमी होतात. तो वेळ आम्ही मुद्दाम देतो. तपासणीनंतर पेस्ट धुवायला गरम पाणी आणि शाम्पू इथेच मिळेल, त्याचे वेगळे पैसे नाहीत.

चुकून तेल लावलं गेलं असेल, तर घरून निघण्याआधी अपॉइंटमेंटच्या कागदावरच्या नंबरवर फोन करा. आम्ही दुसरी वेळ देऊ.