पडद्यावरचा माळी आणि पीटची पिशवी

पर्सी थ्रोअर म्हणजे ब्रिटनचे घराघरांतले माळी. रासायनिक फवारणीचे ते खंदे समर्थक होते, पण त्याला कुणी ‘विचारसरणी’ म्हणत नसे, तो नुसता सल्ला मानला जाई. १९७६ साली त्यांनी रसायनं बनवणाऱ्या आयसीआय कंपनीशी जाहिरातीचा करार केला आणि बीबीसीने ‘गार्डनर्स वर्ल्ड’ या बागकामाच्या टीव्ही कार्यक्रमातून त्यांना निरोप दिला.

पुढे १९७९ पासून १९९६ पर्यंत तिथे जेफ हॅमिल्टन होते. तेही आधी रसायनं वापरायचे. मग रटलंडमधल्या आपल्या बार्न्सडेल बागेत त्यांनी दोन्ही पद्धतींनी लागवड करून पाहिली आणि ते सेंद्रियकडे वळले. निवेदकाने एखाद्या तत्त्वाचा झेंडा असाच हाती घ्यावा, असं मला वाटतं: आधी वाफा, मग भाषण.

कुंडीत पीट, म्हणजे दलदलीतून उपसलेली अर्धवट कुजलेल्या शेवाळाची माती, नको, हाही त्यांचा आग्रह. त्यामागे साधं रसायनशास्त्र आहे. दलदलीत वाढणारं स्फॅग्नम शेवाळ मेल्यावर धड कुजत नाही, कारण तिथलं पाणी आम्लधर्मी असतं आणि प्राणवायू जेमतेम. थर साचतो वर्षाला साधारण १ मिलिमीटर, म्हणजे फूटभर पीटला सुमारे ३०० वर्षं. जगाच्या जमिनीचा जेमतेम ३ टक्के भाग पीटचा, पण त्यात सगळ्या जंगलांतल्या झाडांपेक्षा जास्त कार्बन आहे. ते उपसून वाळवलं की हवा आत शिरते, सूक्ष्मजीव कामाला लागतात आणि तो कार्बन वायू होऊन उडून जातो. बरं, पीटमध्ये झाडाला खायला जवळजवळ काहीच नसतं! ते हलकं असतं आणि पाणी धरतं, एवढंच त्याचं कौतुक.

आज त्याच कार्यक्रमाचे निवेदक माँटी डॉनही हेरफर्डशायरमधल्या आपल्या बागेतून पीट नको म्हणतात. पण त्याच्या जागी अनेकदा येतं आपल्याकडचं किंवा श्रीलंकेतलं कोकोपीट, म्हणजे नारळाच्या सोडणाचा भुसा. त्यातले क्षार धुऊन काढायला पाणी लागतं, ते या देशांतलंच. पडद्यावर हेही सांगायला हवं.

आणखी एक गोष्ट सांगायला हवी. कोकोपीट वरून कोरडं दिसतं, खाली मात्र ओल असते. पीटच्या सवयीने रोज पाणी घातलं की रोपं मुळाशी कुजतात आणि दोष जातो तत्त्वाला. म्हणून झारी उचलण्याआधी बोट दोन पेरं आत घालून पाहावं.