वस्ती आपत्ती पथक

भूकंप, पूर, आग किंवा वादळानंतर सरकारी मदत येईपर्यंत आपल्या गल्लीचे, इमारतीचे काम उचलणारे, आधीच प्रशिक्षण घेतलेले रहिवाशांचे पथक. मोठ्या आपत्तीत रस्ते बंद होतात आणि अग्निशमन दलाला एकाच वेळी चहूकडून बोलावणे येते. अशा वेळी अडकलेल्या माणसापर्यंत आधी पोहोचतो तो शेजारीच. जपानमधील कोबेच्या भूकंपात (१७ जानेवारी १९९५) सुटका झालेल्यांपैकी बहुतेकांना घरच्यांनी आणि शेजाऱ्यांनी बाहेर काढले होते.

नुसता उत्साह जिवावर बेततो. १९८५ मध्ये मेक्सिको सिटीच्या भूकंपात प्रशिक्षण नसलेल्या स्वयंसेवकांनी ८०० हून अधिक लोकांना वाचवले, पण त्या धावपळीत शंभरावर स्वयंसेवक दगावले. त्याच सुमारास लॉस एंजेलिसच्या अग्निशमन दलाने नागरिकांना शिकवायला सुरुवात केली आणि १९९३ पासून तो अभ्यासक्रम अमेरिकाभर गेला. बांगलादेशात १९७० च्या चक्रीवादळानंतर उभ्या राहिलेल्या स्वयंसेवकांचा भर मात्र सुटकेपेक्षा इशाऱ्यावर आहे: ध्वनिक्षेपक आणि झेंडे घेऊन ते किनाऱ्यावरच्या लोकांना वेळेत हलवतात.

पथकाचा कणा म्हणजे यादी. अंथरुणाला खिळलेले कोण, ऑक्सिजनवर कोण, शिडी कोणाकडे, परिचारिका कोण, गॅसची मुख्य तोटी कुठे, हे सगळे कागदावर हवे, कारण वीज गेल्यावर मोबाइलचा भरवसा नसतो. भाडेकरू बदलले की यादी शिळी होते. त्यात लोकांची दुखणी नोंदलेली असल्याने ती मोजक्याच हातांत असावी.

शोधकाम जोडीने होते, एकट्याने कधीच नाही. आत शिरताना दाराशेजारी खडूने एक तिरकी रेघ मारतात, बाहेर आल्यावर तिला छेदणारी दुसरी. एकच रेघ दिसली तर शोध घेणारी माणसे अजून आत आहेत. पूर्ण फुली असेल तर घर तपासून झालेले असते, आणि मागून येणाऱ्यांचा वेळ वाचतो. इमारत फार कललेली किंवा खचलेली असेल तर आत जायचेच नाही. आतून हाक ऐकू येत असताना हे पाळणे सर्वांत अवघड, म्हणून त्याची तालीम लागते.

प्रत्यक्ष आपत्तीच्या दिवशी आयत्या वेळी धावून येणाऱ्यांची गर्दी होते. त्यांना परत पाठवू नये. नावे लिहून घेऊन पाणी वाटणे, निरोप पोहोचवणे, रस्ता मोकळा ठेवणे अशी कामे द्यावीत. ढिगाऱ्यावर मात्र चढू देऊ नये.