सेंद्रिय प्रमाणित शेतीतल्या नोंदी

प्रमाणित सेंद्रिय शेतात काय पेरलं, काय टाकलं, कधी काढलं, कुठे साठवलं आणि कुणाला विकलं याचा तारखेनिशी लिहून ठेवलेला हिशोब म्हणजे या नोंदी. रोजची वही, बिलं, बियाण्याच्या पिशव्यांची लेबलं, शेताचा नकाशा, वजनकाट्याच्या पावत्या, माती परीक्षणाचे रिपोर्ट हे सगळं त्यात आलं. सेंद्रिय गहू आणि साधा गहू शेजारी शेजारी ठेवले तर डोळ्यांना काही फरक कळत नाही, आणि लॅबमध्ये पाठवला तरी औषधाचे अंश सापडले किंवा नाही सापडले एवढंच कळतं, बियाणं कुठलं होतं, ३ वर्षांपूर्वी त्या रानात काय टाकलं होतं हे काही त्या रिपोर्टात येत नाही. म्हणून सर्टिफिकेट मालापेक्षा पद्धतीवर जास्त मिळतं, आणि पद्धत दाखवायला शेतकऱ्याच्या हातात वही सोडून फारसं काही नसतं.

अमेरिकेत १९९० च्या कायद्यावरून तयार झालेले नॅशनल ऑरगॅनिक प्रोग्रामचे नियम २००२ पासून पूर्ण लागू आहेत, त्यात नोंद तयार झाल्यापासून किमान ५ वर्षं जपून ठेवायची असं स्पष्ट आहे, शिवाय ती वाचून समजली पाहिजे आणि तपासता आली पाहिजे. युरोपियन युनियनमध्ये २०१८/८४८ हा नियम १ जानेवारी २०२२ पासून चालू झाला, भारतात एनपीओपी म्हणजे सेंद्रिय उत्पादनाचा राष्ट्रीय कार्यक्रम आहे. भाषा वेगवेगळी पण मागणं सगळ्यांचं सारखंच, की शेतात जे घडलं ते बाहेरच्या माणसाला कागदावरून पुन्हा उभं करता आलं पाहिजे.

सुरुवात नकाशापासून करावी. प्रत्येक प्लॉटला एक नंबर द्यायचा आणि तोच नंबर वहीत, कापणीच्या नोंदीत, गोदामात सगळीकडे वापरायचा. एके ठिकाणी "विहिरीजवळचं रान", दुसरीकडे "प्लॉट ४" आणि तिसरीकडे नुसतं "खालचं शेत" असं लिहिलं की तपासणीच्या दिवशी स्वतःलाच जुळवताना घाम फुटतो, आणि हे फार ठिकाणी होतं. नकाशावर बांधापलीकडे कोण काय पिकवतं आणि बफर पट्टा, म्हणजे शेजारच्या साध्या शेतापासून बचावासाठी कडेला सोडलेली पट्टी, किती रुंद आहे तेही पाहिजे. प्लॉटचा इतिहास तितकाच महत्त्वाचा, कारण अमेरिकन नियमात कापणीच्या आधीची ३ वर्षं त्या जमिनीत बंदी असलेला पदार्थ पडलेला नसावा लागतो, युरोपात हंगामी पिकांना पेरणीआधी २ वर्षांचा रूपांतर काळ (साध्या शेतीतून सेंद्रियमध्ये येण्याचा काळ) लागतो आणि बहुवर्षायू पिकांना पहिल्या सेंद्रिय काढणीआधी ३ वर्षांचा. शेवटचं रासायनिक खत किंवा तणनाशक कधी पडलं ती तारीखच नसेल तर मोजायचं कुठून? जमीन नवीन भाड्याने घेतली असेल तर आधीच्या माणसाकडून हे लेखी घ्यावं, ते सुद्धा लगेच, नंतर तो माणूस सापडत नाही.

बियाण्याचं बिल आणि लेबल दोन्ही ठेवायचं. सेंद्रिय बियाणं मिळालं नाही म्हणून प्रक्रिया न केलेलं साधं बियाणं वापरलं तर कुठे कुठे चौकशी केली आणि काय उत्तर आलं हे दाखवावं लागतं. "मिळालं नाही हो" असं तोंडी सांगून चालत नाही.

खतं आणि फवारणीच्या नोंदीत तारीख, प्लॉट, पदार्थाचं नाव, प्रमाण आणि कारण एवढं तरी हवंच. लोक कारण लिहीत नाहीत आणि तिथेच अडकतात, कारण सेंद्रियमध्ये परवानगी असलेलं औषध सुद्धा सरसकट मारायचं नसतं, आधी फेरपालट, सापळे, हाताने वेचणी असे उपाय करून भागत नाही तेव्हाच फवारणी, म्हणजे कीड किती दिसली आणि आधी काय केलं हे वहीत दिसायला हवं. कच्चं शेणखत टाकलं असेल तर तारीख अगदी नेमकी पाहिजे, अमेरिकन नियमात खाण्याचा भाग मातीला लागत असेल तर काढणीआधी किमान १२० दिवस आणि लागत नसेल तर ९० दिवस आधी ते मातीत मिसळलेलं असावं लागतं. या दिवसांच्या अटीतून कंपोस्ट म्हणून सूट घ्यायची तर ढिगाचं तापमान आणि पलटल्याच्या तारखा लागतात, उघड्या लांब ढिगाला ५५ ते ७७ अंश सेल्सिअस तापमान १५ दिवस आणि त्या काळात किमान ५ वेळा पलटणं असा हिशोब आहे. युरोपात शेणखतातून जाणारं नत्र हेक्टरी वर्षाला १७० किलोच्या वर नको, आणि बुरशीनाशक फवारणीतून जाणाऱ्या तांब्याची मर्यादा तर ७ वर्षांत मिळून हेक्टरी २८ किलो, म्हणजे ७ वर्षांची फवारणीची वही समोर असल्याशिवाय आपण मर्यादेत आहोत की नाही हे खुद्द शेतकऱ्यालाही कळणार नाही.

सगळ्यात जास्त लक्ष मात्र कापणीपासून विक्रीपर्यंतच्या नोंदींकडे द्यायला हवं असं मला ठामपणे वाटतं. शेतातलं काम लोक आवडीने लिहितात आणि माल गोदामात गेला की पेन ठेवून देतात. तपासणीला दोन परीक्षा असतात आणि दोन्ही इथेच होतात. पहिली प्रमाणाची, समजा १० टन धान्य निघालं, १ टन बियाण्याला ठेवलं, ७ टन विकलं, ४०० किलो चाळणीत गेलं, तर गोदामात १.६ टन सापडलं पाहिजे. कमी भरलं तर माल गेला कुठे आणि जास्त भरलं तर आला कुठून, दुसरा प्रश्न जास्त गंभीर, कारण बाहेरचा माल सेंद्रियच्या नावाखाली विकला जाण्याचा संशय तिथूनच येतो. दुसरी परीक्षा माग काढण्याची, इन्स्पेक्टर एखादं विक्रीचं बिल उचलतो आणि त्यावरच्या लॉट नंबरवरून (मालाच्या त्या खेपेला दिलेला नंबर) मागे मागे जात गोदाम, काढणीची तारीख, प्लॉट, बियाण्याचं बिल इथपर्यंत पोचायला सांगतो, मधली एक कडी तुटली की माग तिथेच थांबला. अमेरिकेत मार्च २०२४ पासून लागू झालेल्या कडक नियमांनी प्रत्यक्ष तपासणीत या दोन्ही गोष्टी बंधनकारक केल्या आहेत. सोपा लॉट नंबर म्हणजे वर्ष, पीक, प्लॉट आणि काढणीची तारीख एकत्र लिहिणे, एवढ्याने बरंच काम होतं.

त्याच शेतकऱ्याकडे साधी शेतीही असेल तर दोन्हीच्या वह्या वेगळ्या, आणि मळणीयंत्र, फवारणी पंप, ट्रॉली दोन्हीकडे फिरत असतील तर धुतल्याची तारीख आणि कुणी धुतलं ते लिहायचं. बफर पट्ट्यातलं पीक वेगळं काढून साधं म्हणून विकलं त्याचीही पावती हवी. शेजारच्या फवारणीचा तुषार वाऱ्याने आपल्या रानात आला तर त्याच दिवशी वेळ, वाऱ्याची दिशा, फोटो ठेवून प्रमाणन संस्थेला ताबडतोब कळवायचं. लपवलं आणि नंतर अंश सापडले तर शेतकऱ्याची बाजू मांडायला काहीच उरत नाही.

लिहायचं कसं याला बंधन नाही, वही, एक्सेल, मोबाईल ॲप काहीही चालतं. त्याच दिवशी लिहिलेली मातीचे डाग पडलेली वही, तपासणीच्या आदल्या रात्री एकाच पेनाने सुवाच्य उतरवलेल्या वहीपेक्षा कितीतरी भरवशाची असते, आणि इन्स्पेक्टरलाही ते पाहताक्षणी ओळखू येतं. चुकलं तर खोडून काळं करू नये, एक रेघ मारून शेजारी बरोबर लिहावं. बिलांचे फोटो त्याच दिवशी काढून ठेवावेत कारण थर्मल कागदाची छपाई वर्षभरातही उडू शकते आणि नियम ५ वर्षांचा आहे. घरात फवारणी एक जण करतो आणि वही दुसरा लिहितो अशी वाटणी असेल तर संध्याकाळी दोघांनी मिळून पाच मिनिटं बसणं भाग आहे.

लहान शेतकऱ्यांच्या गट प्रमाणीकरणात, म्हणजे अनेकांना मिळून एकच सर्टिफिकेट असतं तिथे, हे काम अजून नाजूक होतं. युरोपच्या नियमात एका गटात जास्तीत जास्त २००० सदस्य असू शकतात, गटाची स्वतःची अंतर्गत नियंत्रण व्यवस्था असते, गटातलेच तपासनीस प्रत्येक सदस्याकडे वर्षातून किमान एकदा जातात आणि बाहेरची संस्था सगळ्यांकडे न जाता काही निवडक शेतं बघते, बाकीच्यांसाठी गटाच्या कागदांवर विसंबते. ज्याला लिहितावाचता येत नाही त्याची वही गटाचा माणूस भरतो, पण ती भरताना शेतकरी समोर बसलेला असावा आणि लिहिलेलं त्याला वाचून दाखवून मगच सही किंवा अंगठा घ्यावा.