बडगाम 2019: सात महिन्यांनी आलेली कबुली

4 ऑक्टोबर 2019 रोजी हवाईदलप्रमुख आर. के. एस. भदौरिया यांनी पत्रकार परिषदेत मान्य केलं, की 27 फेब्रुवारीला काश्मीरमधल्या बडगाममध्ये कोसळलेलं एमआय-17 व्ही5 हेलिकॉप्टर आपल्याच क्षेपणास्त्राने पडलं आणि ती मोठी चूक होती. त्यांना पदावर येऊन तेव्हा आठवडाही झाला नव्हता. ही कबुली मोलाचीच. पण तिला सात महिने का लागले, हा प्रश्न उरतोच.

पाकिस्तानातल्या बालाकोटवर भारताने केलेल्या हवाई हल्ल्याला तेव्हा एक दिवस झाला होता. नौशेरा भागात दोन्ही देशांची विमानं भिडली होती आणि श्रीनगर तळावर कमालीचा ताण होता. सकाळी दहाच्या सुमारास तिथून उडालेल्या हेलिकॉप्टरवर काही मिनिटांतच तळाच्याच ‘स्पायडर’ या हवाई संरक्षण यंत्रणेतून क्षेपणास्त्र सुटलं. विमान आपलं की शत्रूचं, हे रडारला कळवणारी ‘आयएफएफ’ यंत्रणा हेलिकॉप्टरवर बंद होती, असं चौकशीच्या बातम्यांतून पुढे आलं. हवाईदलाचे सहा जण गेले आणि खाली गावातला एक नागरिकही. सहांपैकी स्क्वाड्रन लीडर निनाद मांडवगणे नाशिकचे. त्यांच्यावर अंत्यसंस्कार झाले, तेव्हा अधिकृतपणे एवढंच सांगितलं होतं की हेलिकॉप्टर कोसळलं. आपल्याच क्षेपणास्त्राची शंका वर्तमानपत्रांतून येत राहिली. मधे लोकसभेची निवडणूकही होऊन गेली.

असं मौन फक्त आपल्याकडेच पाळलं जातं असं नाही. फुटबॉल सोडून सैन्यात गेलेला अमेरिकेचा पॅट टिलमन एप्रिल 2004 मध्ये अफगाणिस्तानात अमेरिकी सैनिकांच्याच गोळ्यांनी मारला गेला. सोबत्यांनी त्याचा गणवेश आणि चिलखती जाकीट जाळून टाकलं. शत्रूशी लढताना मृत्यू आला असं सांगून त्याला ‘सिल्व्हर स्टार’ हे शौर्यपदक दिलं गेलं, आणि खरं काय ते घरच्यांना कळायला महिन्याहून जास्त काळ गेला. त्याच्या आईवडिलांनी पिच्छा सोडला नाही, म्हणूनच 2007 मध्ये प्रकरण अमेरिकी काँग्रेसच्या सुनावणीपर्यंत पोचलं. इराकमध्ये 2003 साली अमेरिकी ए-10 विमानांच्या माऱ्यात ब्रिटिश सैनिक मॅटी हल ठार झाला होता. वैमानिकांच्या संभाषणाची चित्रफीत त्याच्या मृत्यूच्या चौकशीला द्यायला अमेरिका तयार नव्हती. फेब्रुवारी 2007 मध्ये ती एका वृत्तपत्राने प्रसिद्ध केली, आणि पुढच्याच महिन्यात ब्रिटिश कॉरोनरने, म्हणजे मृत्यूची चौकशी करणाऱ्या न्यायाधिकाऱ्याने, तो मृत्यू बेकायदा ठरवला. दोन्हीकडे कुटुंबांना दाद मागायला लष्कराबाहेरची एक जागा होती.

आपल्याकडे ‘कोर्ट ऑफ इन्क्वायरी’ ही लष्करी चौकशी दलातच होते आणि तिचा अहवाल गोपनीय राहतो. बडगाम प्रकरणात पुढे कोर्ट मार्शल झालं. 2023 मध्ये श्रीनगर तळाच्या तत्कालीन चीफ ऑपरेशन्स ऑफिसरला बडतर्फ करण्याची शिफारस झाली. हे प्रकरण न्यायालयांतही लढवलं गेलं. रडार आणि क्षेपणास्त्राचे तपशील गुप्त ठेवावेत, त्याला कुणाचीच हरकत नसेल. पण कोणता नियम मोडला, क्षेपणास्त्र सोडायचा आदेश कुणी दिला आणि आता कार्यपद्धतीत काय बदललं, हे सांगितल्याने कुठलंही गुपित फुटत नाही. त्या सात घरांना तरी ते अधिकृतपणे, लेखी मिळायला हवं.