हबशी द्राक्ष आणि जुन्या वाणांचं पुनरुज्जीवन

हबशी म्हणजे दख्खनमधलं जुनं, काळं, बियांचं द्राक्ष. भोकरी, फकडी, साहेबी ही त्याच्याच पिढीतली नावं, आज बाजारात यातलं एखादं मागितलं तर विकणारा तोंडाकडे बघत राहतो. मुहम्मद तुघलकाने राजधानी दौलताबादला हलवली तेव्हा असे वाण इकडे आले असं सांगतात, आणि चौदाव्या शतकात इब्न बतूताने लिहूनच ठेवलंय की दौलताबादला द्राक्षं-डाळिंबं वर्षातून दोनदा येतात. ते पटण्यासारखंच आहे, कारण आपल्याकडे कडक हिवाळा नसल्याने वेल पूर्ण झोपत नाही, म्हणून तर आजही बागायतदार एप्रिलला खरड छाटणी आणि ऑक्टोबरला फळछाटणी अशा दोन छाटण्या करतो, पीक मात्र एकच घेतो. लोखंडी अँगल आणि तारा यायच्या आधी दख्खनमधे वेल जिवंत पांगाऱ्यावर चढवायचे.

मग थॉमसन सीडलेस हे बिनबियांचं द्राक्ष आलं, त्यातूनच निघालेले सोनाका, तास-ए-गणेश, माणिक चमन आले, आणि बियांच्या द्राक्षाला गिऱ्हाईकच उरलं नाही. आमच्या जालन्याकडे कडवंची गावाने शेततळ्यांच्या जोरावर बागा उभ्या केल्या त्याचा अभिमान आहेच, पण त्याही खायच्या द्राक्षाच्या. वाईनची गरज वेगळी असते, तिथे मणी लहान, साल जाड, बी असलेलं आणि आंबटपणा टिकवणारं द्राक्ष लागतं. मराठवाड्याच्या उन्हात साखर झटकन चढते आणि आंबटपणा उतरतो, तेव्हा इथल्या उन्हात जगलेला जुना वाण तपासून बघायलाच पाहिजे असं मला मनापासून वाटतं.

हरवलेला वाण बियातून परत मिळत नाही, बी लावलं की वेगळंच रोप येतं. त्याला जिवंत काडीच लागते, म्हणून शोध घ्यायचा तो जुन्या वाड्याच्या आडाजवळ, पडक्या गढीत, मळ्यातल्या विहिरीवर. वेल सापडला तरी गावाने सांगितलेल्या नावावर विसंबून चालत नाही. चिलीत कार्मेनेअर हे द्राक्ष कित्येक वर्षं मर्लो म्हणून विकलं जात होतं, १९९४ मधे जाँ-मिशेल बुर्सिको या फ्रेंच तज्ज्ञाने फुलातले पिळलेले पुंकेसर बघून ते ओळखलं. आता पान, घड, मणी बघून झाले की डीएनए तपासतात.

पुढचं काम चिकाटीचं. व्हायरस नसलेली काडी निवडायची, डॉगरिजसारख्या खुंटावर, म्हणजे मुळं देणाऱ्या दुसऱ्या वेलीवर, डोळा भरून कलम करायचं, केवडा आणि भुरी या बुरशीच्या रोगांपासून जपायचं, आणि थोड्याशा फळाची वाईन करून चव बघायची. इटलीत वॉल्टर मास्साने तिमोरास्सो हे पांढरं द्राक्ष असंच १९८० च्या दशकापासून उभं केलं, आज ते शेजारचेही लावतात. आपल्याकडे असं काम करायला पुण्याजवळ मांजरीला राष्ट्रीय द्राक्ष संशोधन केंद्र आहे. आणि २००१ च्या पीक वाण संरक्षण आणि शेतकरी हक्क कायद्याने शेतकऱ्याला स्वतः जपलेला वाण आपल्या नावावर नोंदवता येतो, वेलींसाठी ते संरक्षण १८ वर्षांपर्यंत मिळतं.